पहिल्या पावसाचे पाणी निवळताना

पनवेलकर कोणते पाणी पितात, याला एकच उत्तर नाही. जुन्या गावाचे पाणी माथेरानच्या पायथ्याशी गाढी नदीवर बांधलेल्या देहरंग धरणातून येते. हे धरण पूर्वीच्या नगरपालिकेच्या, म्हणजे आता महापालिकेच्या, स्वतःच्या मालकीचे आहे. नवीन पनवेलकडे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाताळगंगेचे पाणी पोचवते. खारघरच्या बाजूला सिडकोमार्फत पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी मदतीला येते, आणि काही भागांची भिस्त एमआयडीसीवर असते. देहरंगच्या तळाशी गाळ साचून त्याची साठवण घटली आहे. त्यामुळे उन्हाळा तापला की जुन्या गावालाही बाहेरून पाणी घ्यावे लागते.

यातल्या पाताळगंगेची गोष्ट मला फार आवडते. पावसाळा सोडला तर या नदीत वाहणारे बरेचसे पाणी खोपोलीच्या टाटा वीजगृहातून सुटलेले असते. हे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. वळवण, लोणावळा, शिरोता या घाटमाथ्यावरच्या तलावांत पाणी अडवायचे, ते कड्यावरून खाली सोडून टर्बाइन फिरवायचे आणि मग नदीत सोडून द्यायचे, अशी ती योजना. घाटमाथ्यावरचे हे पाणी मुळात पूर्वेला उतरून भीमेतून कृष्णेला मिळाले असते. म्हणजे नवीन पनवेलच्या हंड्यातले पाणी एका अर्थी बंगालच्या उपसागराच्या वाटेवरून वळवून आणलेले आहे.

उगम कुठलाही असो, नदीतले किंवा धरणातले पाणी सरळ नळात सोडता येत नाही. आणि लागणारे पाणीही थोडेथोडके नाही. २०११ च्या जनगणनेत पनवेल नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे १ लाख ८० हजार माणसे होती. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे माप धरतात. त्या हिशोबाने एवढ्या एका गावालाच दिवसाला २ कोटी ४३ लाख लिटर पाणी लागते. हे सगळे पाणी कुठल्या तरी जलशुद्धीकरण केंद्रातून जाते. त्या केंद्रातली यंत्रे वर्षभर तीच असतात, पण येणारे पाणी रोज वेगळे असते. म्हणून केंद्र चालवण्याचे निम्म्याहून अधिक काम म्हणजे आलेले पाणी ओळखणे.

हिशोब सोपा व्हावा म्हणून आपण दिवसाला १ कोटी लिटरचे केंद्र डोळ्यांपुढे ठेवू. कामगारांच्या भाषेत हा १० एमएलडीचा फिल्टर प्लांट. तासाला ४ लाख १७ हजार लिटर, सेकंदाला जवळजवळ ११६ लिटर पाणी त्यात शिरते. अशा केंद्राला साधारण ७४ हजार लोकांची तहान भागवता येते.

कच्चे पाणी आत येते ते जाळ्यांतून. फांद्या, पाने, प्लॅस्टिकच्या पिशव्या तिथेच अडतात. मग ते पायऱ्यांवरून किंवा कारंज्यातून उडवले जाते. ही शोभा नव्हे. धरणाच्या तळाशी उन्हाळ्यात प्राणवायू संपतो, लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळतात, सडल्याचा वास येतो. हवा मिसळली की वास उडतो आणि विरघळलेले लोह घट्ट होऊन बाजूला काढता येते. पुढे एका अरुंद होणाऱ्या नालीत पाण्याची उंची मोजतात आणि त्यावरून किती पाणी येते आहे ते कळते. हा आकडा चुकला तर पुढचे प्रत्येक माप चुकते. त्यामुळे नालीतली मोजपट्टी शेवाळाने झाकू न देणे हेसुद्धा देखभालीतले महत्त्वाचे काम आहे.

खरी कसोटी यानंतर सुरू होते, आणि ती जूनमध्ये सर्वांत कठीण असते. उन्हाने आठ महिने भाजलेल्या डोंगरउतारांवर पहिला मोठा पाऊस पडतो. माथेरानच्या परिसरात वर्षाचा पाऊस ५,००० मिलिमीटरच्या घरात जातो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. सैल झालेली तांबडी माती ओढ्यांतून खाली येते. धरणाच्या जलाशयात निदान जड माती बसायला वेळ मिळतो. नदीतून थेट उपसा करणाऱ्या केंद्राला तेवढीही उसंत मिळत नाही. संध्याकाळी जवळजवळ नितळ असलेले पाणी पहाटे चहासारखे दिसते.

गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या प्रमाणकानुसार पिण्याच्या पाण्यात तो १ पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. पहिल्या पुरात कच्च्या पाण्याचा आकडा शेकड्यांत जातो.

हे पाणी नुसते साठवून का निवळत नाही? मातीचा मोठा कण लगेच बसतो. पण एक सहस्रांश मिलिमीटरचा चिकणमातीचा कण अगदी स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम आठ सेंटिमीटर खाली येतो. तीन मीटर खोल टाकीच्या तळाशी पोचायला त्याला महिन्याहून जास्त लागेल. त्याहून बारीक कण तर जवळजवळ बसतच नाहीत. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळे सारख्याच भाराचे असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत.

आपल्या आज्यांनी हंड्यात तुरटी फिरवली ती इथे उपयोगी पडते. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमवर धन भार असतो. तो कणांचा ऋण भार निकामी करतो आणि स्वतः एक चिकट, लिबलिबीत पदार्थ होऊन कणांना गोळा करतो. केंद्रातही हेच घडते. फरक असतो मापाचा. हंड्यात तुरटी थोडी जास्त फिरली तर बिघडत नाही. केंद्रात लिटरमागे २० मिलिग्रॅम तुरटी लागत असेल तर दिवसाला २०० किलो होते, ५० किलोच्या चार गोण्या. पुराच्या दिवशी तीच मात्रा ६० मिलिग्रॅमवर गेली की बारा गोण्या. कमी पडली तर पाणी गढूळ राहते. जास्त झाली तर कणांवर उलटा, धन भार चढतो, ते पुन्हा एकमेकांना लोटू लागतात, आणि विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम नळापर्यंत जाते. प्रमाणकात त्याची मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे, पर्याय नसेल तर ०.२.

मग योग्य मात्रा कळते कशी? सूत्रात आकडे घालून ती मिळत नाही, ती प्रत्यक्ष करून पाहावी लागते. त्या प्रयोगाचे नाव जार टेस्ट. सहा काचपात्रांत त्या घटकेचे कच्चे पाणी प्रत्येकी एक लिटर घ्यायचे. तुरटीचे १ टक्का द्रावण तयार असते, त्याचा १ मिलिलिटर म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. पहिल्या पात्रात १, दुसऱ्यात २, असे चढत्या क्रमाने टाकायचे. एका दांड्यावरची सहा पाती एक मिनिट जोरात फिरवायची, मिनिटाला शंभर फेरे. मग वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणून दहा-पंधरा मिनिटे हळू ढवळायचे. नंतर थांबायचे. अर्धा तास काही करायचे नाही, फक्त बघायचे.

हा अर्धा तास फार बोलका असतो. एका पात्रात दुधी धुकेच राहते. दुसऱ्यात बारीक दाणे दिसतात पण बसत नाहीत. एखाद्या पात्रात मात्र कापसाच्या पुंजक्यांसारखे गोळे बनतात, सावकाश खाली उतरतात आणि वरचे पाणी लख्ख होते. सगळ्यांत कमी तुरटीत ज्या पात्रात हे घडले, ती त्या घटकेची मात्रा. मुरलेला ऑपरेटर पुंजका कसा पडतो यावरूनही ती ओळखतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी एकसारखे गढूळ असेल तर ही चाचणी दिवसातून एकदा पुरते. पहिल्या पुरात मात्र दर दोन-तीन तासांनी करावी लागते, रात्री दोनलासुद्धा. कालचीच मात्रा आज पुढे ओढण्याचा आळस झाला, तर त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी घराघरांतल्या माठात दिसतो.

कोकणात यात आणखी एक अडचण असते. तुरटीला काम करायला पाण्यात थोडी क्षारता लागते. लिटरला १ मिलिग्रॅम तुरटी जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाऊन टाकते. सह्याद्रीवर नुकतेच पडलेले पावसाचे पाणी अगदी मऊ असते, त्यात क्षारता थोडी. म्हणजे तुरटी सर्वांत जास्त लागते तेव्हाच तिला लागणारी सोबत सर्वांत कमी असते. अशा वेळी पाणी आम्लधर्मी होते, पुंजका धरत नाही, आणि नवखा माणूस तुरटी आणखी वाढवून प्रकरण बिघडवतो. उपाय असतो चुन्याची निवळी घालण्याचा. अनेक केंद्रांत आता तुरटीऐवजी पॉलि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात, बोलताना पीएसी. ते क्षारता कमी खाते आणि मात्रेच्या चुका थोड्या पोटात घालते. जार टेस्ट मात्र त्यालाही लागते.

पात्रात जे एक लिटरवर झाले, तेच केंद्रात मोठ्या प्रमाणावर होते. तुरटीचे द्रावण पडते तिथे पंखा जोरात फिरतो. मिसळणे अर्ध्या-एका मिनिटात व्हायला हवे. नंतर पाणी एका मोठ्या गोल टाकीच्या मधल्या भागात शिरते. तिथे पाती इतकी हळू फिरतात की पुंजके वाढतात पण तुटत नाहीत. मग बाहेरच्या कड्यात दोन-अडीच तास संथ मुक्काम. गाळ खाली बसतो, निवळलेले पाणी काठावरून सांडते. या टाकीला क्लॅरिफ्लोक्युलेटर म्हणतात. तिच्यावरचा लोखंडी पूल डोळ्याला जेमतेम कळेल इतक्या गतीने फिरत असतो, आणि त्याला जोडलेली फावडी तळाचा गाळ मधल्या खड्ड्याकडे ढकलतात. गाळ काढण्याचा व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडावाच लागतो. तो राहिला तर गाळ कुजतो, त्यातून वायूचे बुडबुडे येतात आणि बसलेला गाळ तुकड्यांनी वर तरंगू लागतो. असे तपकिरी तुकडे दिसले तर व्हॉल्व्हची पाळी चुकली हे नक्की समजावे.

एवढे झाल्यावर गढूळपणा ५ ते १० वर आलेला असतो. उरलेले काम वाळूचे.

आपल्या केंद्रात वाळूचे चार वाफे धरू, प्रत्येक सुमारे साडेचार मीटर लांब-रुंद. त्यात ६० ते ७५ सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर, खाली खडीचे थर, त्याखाली पाणी गोळा करणाऱ्या नळ्या किंवा तोट्या. वाळूचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. कणांच्या मानाने वाळूतल्या फटी कितीतरी मोठ्या असतात. म्हणजे वाळू चाळणीसारखी काम करत नाही. वळणावळणाने उतरताना कण दाण्यांना चिकटत जातात, आणि हे चिकटणेही तुरटीने भार मारला असेल तरच घडते. मात्रा चुकली असेल तर उत्तम वाळूतूनही गढूळ पाणी सरळ खाली उतरते. फिल्टर खराब झाला अशी तक्रार आली की आधी तुरटीची नोंदवही बघावी, ती यासाठीच.

नारळाच्या मुलखातल्या वाचकांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. १९७३ साली नागपूरजवळच्या रामटेकला अभियंता जे. एन. कर्डिले यांनी लहान गावाला परवडेल असे केंद्र उभे केले. त्यात वाळूवर नारळाच्या करवंटीच्या चुऱ्याचा थर होता. चुरा जाड आणि हलका, म्हणून धुतल्यावरही वरच राहतो. मोठी घाण तो झेलतो आणि वाळू लवकर तुंबत नाही. पुंजके बनवण्यासाठी फिरती यंत्रे न वापरता खडीचा थर वापरला होता. कमी यंत्रे म्हणजे बिघडायला कमी जागा. छोट्या शहरांसाठी आजही याच दिशेने विचार करावा असे मला मनापासून वाटते.

वाळू तुंबत गेली की वरचे पाणी चढते. पातळीतला फरक पावणेदोन-दोन मीटरवर आला किंवा खालच्या पाण्याचा गढूळपणा १ च्या वर सरकला की वाफा धुवायचा. याला सगळे बॅकवॉश म्हणतात. आधी खालून हवा सोडतात, वाळू उकळल्यासारखी दिसते, दाणे एकमेकांवर घासून चिकटलेली घाण सुटते. मग खालून जोराने शुद्ध पाणी. सहा मिनिटांत एका वाफ्याला सुमारे पाऊण लाख लिटर लागते. रोज चारही धुतले तर तयार केलेल्या पाण्याचा शंभरातले तीन भाग धुण्यातच जातात, आणि पाणी कमी पडलेल्या एप्रिलमध्ये हा हिशोब जिवावर येतो. म्हणून धुणे आखूड करण्याचा मोह होतो. पण अर्धवट धुतलेल्या वाळूत चिखलाचे गोळे तयार होतात, भिंतीलगत भेगा पडतात, आणि त्या भेगांतून न गाळलेले पाणी थेट खाली जाते. वाचवायचे असेल तर धुण्याचे पाणी साठवून, निवळवून पुन्हा सुरुवातीला घ्यावे. चांगली केंद्रे तसे करतात.

धुतल्यानंतरची पहिली काही मिनिटे वाळू पूर्ण कामाला लागलेली नसते, ते पाणी सोडून द्यावे. वीज जाऊन परत आल्यावरही घाई नको. बंद पडलेला वाफा एकदम पूर्ण वेगाने सुरू केला तर धक्क्याने आत अडकलेली घाण सुटून खाली उतरते. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, त्यामुळे वाफ्याचा व्हॉल्व्ह सावकाश उघडणारा हात केंद्राला मोठा आधार असतो.

आता पाणी स्वच्छ दिसते, पण सुरक्षित नाही. जंतू मारायला क्लोरीन. अमेरिकेत शहराला कायमस्वरूपी क्लोरीन देण्याची सुरुवात १९०८ मध्ये जर्सी सिटीत झाली, त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. आपल्या १ कोटी लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम धरले तर दिवसाला २० किलो. ९०० किलोचा एक टनर, म्हणजे क्लोरीनची मोठी टाकी, दीड महिना पुरतो. पाण्यात क्लोरीन किमान अर्धा तास मिसळून राहायला हवा, म्हणून शुद्ध पाण्याची टाकी नुसती साठवणीची नसते. क्लोरीनचा क्रम शेवटचा का, हेही लक्षात घ्यावे. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होतो.

क्लोरीनच्या खोलीबद्दल कोणीही हलगर्जी करू नये. हा वायू हवेच्या अडीचपट जड, जमिनीलगत साचतो, म्हणून बाहेर फेकणारे पंखे खाली बसवतात. टनर आडवा ठेवतात, आणि त्याचे दोन व्हॉल्व्ह एकाखाली एक येतील असा. वरच्यातून वायू मिळतो, खालच्यातून द्रव. गळतीची शंका आली तर अमोनियात भिजवलेला बोळा सांध्याजवळ नेतात, पांढरा धूर दिसला की गळती तिथेच. गळणाऱ्या जागेवर पाणी कधीही मारायचे नाही. आम्ल तयार होऊन भोक मोठे होते. तोंडावरचा मुखवटा दाराबाहेर टांगलेला हवा, आत नाही.

पंपांबद्दल थोडक्यात. दोन चालू आणि एक राखीव, आणि राखीवही पाळीपाळीने चालवायचा, नाहीतर गरजेच्या दिवशी तो सुरू होत नाही. ग्लँडमधून, म्हणजे पंपाच्या फिरत्या शाफ्टभोवतीच्या सांध्यातून, थेंब थेंब पाणी गळत असावे. ते पूर्ण बंद करण्यासाठी आवळत बसले तर शाफ्ट तापून झिजतो.

मोठी देखभाल एप्रिल-मेमध्येच उरकावी लागते. गोल टाकी रिकामी करून गाळ खरवडायचा, फावड्यांच्या खालचे रबर बदलायचे, वाफ्यातल्या वाळूची जाडी मोजायची आणि वाहून गेली तेवढी भरायची, तुरटीच्या टाकीचे अस्तर तपासायचे, राखीव क्लोरीनयंत्र चालवून बघायचे. तुरटीचा साठा जूनपूर्वी गोदामात असावा. पावसात रस्ता बंद झाला तर नदीतला गढूळपणा गाडीची वाट बघत नाही.

पाणी टाकीत चढले की व्हॉल्व्हमनचे काम सुरू होते. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच सुटते. उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी, आणि रिकाम्या वाहिनीत फटींतून आजूबाजूचे पाणी शिरते. गटाराशेजारी फट असेल तर काय शिरते हे सांगायला नको. दुरुस्तीसाठी दिवसभराचा शटडाऊन झाल्यावर पहिले पाणी लालसर आणि बुडबुडे घेऊन येते ते याचमुळे. ती पहिली धार पिण्यासाठी भरू नये.

यावर पाळत ठेवण्याचे साधन म्हणजे शिल्लक क्लोरीन. अगदी शेवटच्या नळालाही तो लिटरला ०.२ मिलिग्रॅम असावा. पूर्वी सगळीकडे ओटी टेस्ट होती, दोन थेंब टाकले की पाणी पिवळे. आता डीपीडीची गोळी अधिक खात्रीची मानतात, तिने पाणी गुलाबी होते. सकाळी पाणी सुटल्यावर प्रयोगशाळेचा माणूस गल्लीच्या टोकाच्या घरी जातो, नळ थोडा वाहू देतो, नळी भरतो. रंग आलाच नाही तर तो केंद्रावर फोन करतो आणि टाकीच्या दिशेने मागे मागे चालत प्रत्येक चार घरांनंतर पुन्हा तपासतो. एका नळाला गुलाबी, पुढच्याला काहीच नाही, असे जिथे सापडते, त्या दोन नळांच्या मधल्या तुकड्यात त्याच दिवशी खड्डा घेतला जातो.